शिदोरी मागून घ्यावी

(सामुदायिक रेडिओवर महिलांसाठीच्या सकाळच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी चुलीपुढं असेल, कुणी गोठ्यात असेल, कुणी खुरपताना मोबाइल बांधावर ठेवून ऐकत असेल. सगळ्यांना नमस्कार.

आज मी कर्जाच्या हप्त्याचं किंवा हिशोबाच्या वहीचं काही सांगणार नाही. आज बोलायचंय हॉटेलातल्या सकाळच्या नाश्त्याबद्दल. हसताय ना? हसा. पण या नाश्त्यापायी आमच्या गटातली एक बाई चारचौघांत मान खाली घालून उभी राहिली होती, आणि त्यात माझी चूक तिच्याहून मोठी होती. म्हणून बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, आपला आणि हॉटेलचा काय संबंध? आता आहे. गटातल्या बाया प्रशिक्षणाला जातात, मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये माल विकायला जातात, मेळाव्याला जातात. कधी वसतिगृहात उतरतो, कधी बोलावणारी संस्था हॉटेलात खोल्या घेते. तिथं सकाळी बुफे असतो. बुफे म्हणजे टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं, आपलं ताट आपण घ्यायचं आणि पाहिजे तेवढं वाढून घ्यायचं.

आमचा गट मसाल्याचा. दोन वर्षांपूर्वी आम्हा आठजणींना पुण्याला पॅकिंग आणि लेबलच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण, राहायला हॉटेल. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याच्या हॉलच्या दारात गेलो आणि तिथंच थांबलो. कुणीतरी ‘या, बसा’ म्हणेल, याची वाट बघत. कुणीच म्हणेना. भिंतीकडेला लांबच लांब टेबल. झाकणाची मोठाली भांडी, त्यांच्या खाली बारीक जाळ. पोहे, उपमा, इडली, वडा, पुरीभाजी, उकडलेली अंडी, ब्रेड, कापलेली पपई, केळी. इतकं बघून आम्ही काय केलं असेल? थोडे थोडे पोहे घेतले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. परत उठून वाढून घ्यायची लाज वाटली.

त्या दिवशी दुपारचं जेवण झालं अडीच वाजता.

आमच्याबरोबर एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या. गटात सगळ्या त्यांना मावशीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी बघितलं, मावशींनी ताटात तीन इडल्या आणि दोन अंडी जास्तीची घेतली. मग इकडंतिकडं बघून ती कागदी रुमालात गुंडाळली आणि मांडीवरच्या कापडी पिशवीत सारली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पण वाढणाऱ्या पोरानं बघितलं. त्यानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर आला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजी, ती पिशवी उघडा जरा. इथलं खाणं बाहेर न्यायला परवानगी नाही.”

हॉलमध्ये शहरातली माणसं होती, दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटाच्या बाया होत्या. सगळ्यांचे हात थांबले. मावशींनी पिशवीतून एकेक इडली काढून टेबलावर ठेवली. एका इडलीला कागद चिकटला होता, तो त्या नखानं काढत बसल्या. आणि मी, गटाची अध्यक्ष, शेजारच्या टेबलावर चहा ढवळत बसले होते. साखर केव्हाच विरघळली होती. मी उठले नाही. आमच्यातलीच एकजण पुटपुटली, “घालवलं गटाचं नाव.” तिलाही मी काही बोलले नाही.

दिवसभर मावशी वर्गात मागं बसल्या. रात्री खोलीत भिंतीकडं तोंड करून निजल्या. मी विचारलं, “मावशी, कशाला घ्यायचं ते? मागितलं असतंत तर दिलं नसतं का?” त्या उठून बसल्या. उशाखालची गोळ्यांची पट्टी दाखवली. शुगरची.

म्हणाल्या, “काल बारा-साडेबाराला डोळ्यांपुढं अंधारी आली. घाम सुटला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं न् बसले तशीच. गोळी घेतल्यावर मला वेळेवर खायला लागतं, आणि जेवण अडीचला. कुणाला सांगू? तुम्ही सगळ्या शिकायला आलेल्या. माझ्यापायी वर्ग थांबवायचा का?”

मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या गटातल्या बाईला शुगर आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिचा हप्ता कधी थकला ते मला तारखेनिशी पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली गेले. मॅनेजरला गाठलं. म्हटलं, “दादा, आमच्यातल्या एका बाईला शुगर आहे. तिला अकराच्या सुमाराला काहीतरी खायला लागतं. डबा करून द्याल का? पैसे पडत असतील तर सांगा.” तो म्हणाला, “मॅडम, हे आधीच सांगायचं ना! किचनमध्ये सांगतो की.” पाच मिनिटांत कागदी डब्यात दोन चपात्या आणि कोरडी भाजी आली. पैसे घेतले नाहीत. मी त्याला एवढंच म्हटलं, “काल तुम्ही त्यांना बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.” त्यानं नुसती मान हलवली.

मावशींनी डबा घेतला, अकराला खाल्ला. पण गावी येईपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांचा राग मॅनेजरवर नव्हता.

आता मला सांगा, यात चुकलं कुणाचं? मॅनेजरचा नियम चुकीचा नव्हता, आणि मावशींची गरजही खोटी नव्हती. दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी नियम. आपण साध्या हॉटेलात जातो, दोन भाज्या आणि रोट्या मागवतो. त्या भाज्यांचे पैसे दिले की त्या आपल्या झाल्या. उरलं तर बांधून द्या म्हणायचा आपल्याला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण अनलिमिटेड थाळीचं हॉटेल बघा. तिथं पाटी असते, ‘पार्सल मिळणार नाही’. का? तिथं आपण वाट्यांचे पैसे देत नाही, बसून पोटभर जेवण्याचे देतो. एकजण चार पोळ्या खाईल, एकजण दहा, सगळ्यांना भाव एकच. बुफेचंही तसंच आहे. तिथं बसून दोनदा घ्या, चारदा घ्या, कुणी काही म्हणणार नाही. पिशवीत भरलं की हिशोब मोडतो.

खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो का, हेही आधी विचारून घ्यायचं. हॉटेलवाल्यांची त्यासाठी अक्षरं आहेत. कागदावर ‘ईपी’ असेल तर नुसती खोली. ‘सीपी’ असेल तर खोली आणि सकाळचा नाश्ता. ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळचं. तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेला विचारा, आमचं कोणतं आहे? म्हणजे नाश्ता आपला आहे की नाही, या धास्तीनं चमचाभर पोहे घेऊन उपाशी उठायची पाळी येणार नाही. आम्ही पहिल्या दिवशी उठलो तशी.

काहीजणी म्हणतात, “नाहीतरी ते उरलेलं टाकूनच देणार, मग नेलं तर काय बिघडलं?” मलाही तसंच वाटायचं. पण आपण आठ वाजता जातो. नाश्ता दहा-साडेदहापर्यंत चालतो. टेबलावर जे दिसतं ते उरलेलं नसतं, मागून येणाऱ्यांचं असतं. किती खोल्या भरल्यात, त्या अंदाजानं सैपाक केलेला असतो. पहिल्या दहाजणींनी चार-चार वडे पिशवीत घातले, तर साडेनऊला लेकराला घेऊन येणाऱ्या बाईपुढं रिकामं भांडं. आपल्याकडं पंगतीत शेवटच्या माणसाला बुंदी पुरली नाही, तर घरधन्याचं नाव जातं. तिथं हॉटेलचं जातं, आणि बोलणी वाढणाऱ्या पोराला बसतात.

ताटात जास्तीचं घेऊन टाकणं हेही तितकंच वाईट, बरं का. आपल्या ताटातलं उष्टं परत भांड्यात जात नाही. म्हणून थोडं घ्यायचं, लागलं तर परत उठायचं. परत उठण्यात लाज नाही. बुफे त्यासाठीच असतो.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या जिवाशी संबंधित आहे. त्या भांड्यांखाली जाळ ठेवतात, तो नुसता गरम गरम लागावं म्हणून नाही. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं किंवा फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली राहिलं, तर त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. मधल्या कोमट हवेत ते भराभर वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. आता आपली पिशवी बघा. सकाळी आठला भरली, उन्हात एसटीत बसलो, संध्याकाळी घरी पोचून नातवाच्या हातात दिली. कौतुकानं दिलेला घास पोराला रात्री जुलाब-उलटीनं हैराण करू शकतो. ओल्या नारळाची चटणी, दही, कापलेलं फळ, सोललेलं अंडं, सांबारात भिजलेला वडा, शिजवलेला भात, या गोष्टी अजिबात ठेवायच्या नाहीत. भातात काही जंतू असं विष तयार करतात की ते परत गरम करूनही जात नाही. त्यामुळे हॉटेलवाला ‘बाहेर नेऊ नका’ म्हणतो तेव्हा त्याला ही भीतीही असते. पिशवीतलं खाऊन कुणी आजारी पडलं, तर नाव त्याचं येणार.

आता आपली बाजू. आपण बायका पिशवीत का भरतो? लोक म्हणतात हावरटपणा. मला ते पटत नाही.

आपल्याला एकटीनं खायची सवयच नाही. काही चांगलं ताटात आलं की घास तोंडात जायच्या आधी घरचे डोळ्यांपुढं येतात. धाकट्याला हे आवडलं असतं, यांनी हे कधी खाल्लं नाही. आपल्या रीतीही तशाच आहेत. बारशाला गेलो की घुगऱ्या घेऊन घरी येतो. हळदीकुंकवाला ओटीत भिजवलेले हरभरे मिळतात, ते घरी येऊन सगळ्यांना वाटतो. देवळातला प्रसाद पदरात बांधून आणतो. लग्नघरून निघताना घरधनीण आजारी सासूसाठी डबा भरून देते. लेक सासरी निघाली की शिदोरी असतेच. खाऊन यायचं आणि घेऊनही यायचं, हे आपल्या अंगात भिनलंय.

पण जरा नीट आठवून बघा. या सगळ्यात आपण स्वतःच्या हातानं काही उचलतो का? घुगऱ्या कुणीतरी ओंजळीत घालतं. ओटी कुणीतरी भरतं. डबा घरधनीण भरते आणि ‘न्या हो, घरी म्हातारी आहे’ म्हणते. देणारा हात असतो. लग्नातल्या पंगतीत वाढप्याची नजर चुकवून कुणी पदराखाली लाडू लपवला, तर त्याला आपल्यातही नावंच ठेवतात. म्हणजे रीत आपलीही तीच आहे.

बुफेत घोटाळा होतो तो इथं. तिथं वाढणारं कुणी नसतं. सगळं उघड्यावर मांडलेलं, ‘घ्या’ म्हणणारं कुणी नाही, ‘पुरे’ म्हणणारं कुणी नाही. मग आपल्याला वाटतं, विचारायचं तरी कुणाला? विचारायला माणूस असतो, मैत्रिणींनो. काऊंटरवर असतो, वाढणारा पोरगा असतो, मॅनेजर असतो. शिदोरी तिथंही मिळते, पण ती मागून घ्यायची असते.

कसं मागायचं, तेही सांगते. पहाटे पाचची गाडी असेल आणि नाश्ता सातला सुरू होत असेल, तर आदल्या रात्री काऊंटरवर जाऊन म्हणायचं, “आम्ही पहाटे निघणार, आमचा नाश्ता बांधून द्याल का?” पुष्कळ हॉटेलं अशा वेळी ब्रेड, केळं, उकडलेलं अंडं असा पुडा देतात. बरोबर लहान मूल असेल, कुणी खोलीत आजारी पडलं असेल, कुणाला शुगर असेल, तर स्पष्ट सांगायचं. “आमच्या एका बाईला बरं नाही, तिच्यासाठी ताट खोलीत न्यायचंय, चालेल का?” पैसे पडतील का, तेही तोंडानं विचारायचं. हो म्हणाले तर आभार मानायचे. नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, वाईटही वाटून घ्यायचं नाही. उठताना एखादं केळं किंवा सफरचंद हातात घेऊन निघालं, तर बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही. तरी ‘हे घेऊ का?’ असं विचारलं की आपणच मोकळ्या होतो. खोलीत आपल्यासाठी ठेवलेल्या चहा-साखरेच्या पुड्या आणि लहान साबण वापरायला असतात. टॉवेल, चादर, कप हे हॉटेलचं, ते तिथंच राहू द्यायचं.

दुसरी गोष्ट, घरून निघताना आपली शिदोरी आपण बांधायची. दशमी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चिवडा. दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासात टिकतात, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायचीच. खायला उशीर झाला आणि घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर साखर कमी झाली असण्याचा संभव असतो. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत प्यायची, आणि मग काहीतरी खायचं. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि अशा वेळी वर्गातून उठायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट अध्यक्ष आणि सचिव असलेल्या ताईंसाठी. प्रशिक्षणाला निघण्याआधी बोलावणाऱ्या संस्थेला फोन करा. जेवण किती वाजता? नाश्ता धरलाय का? आमच्यात शुगरची बाई आहे, अंगावर पाजणारी बाई आहे, अकराला काही खायला मिळेल का? हे विचारणं म्हणजे मिजास नव्हे. आठ बायांना घेऊन जाते ती त्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊन जाते. मी तेव्हा आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा केल्या होत्या, सगळ्यांचे फोटो घेतले होते. एवढं एक विचारलं नव्हतं.

आणि शेवटचं. आपल्यातली कुणी पिशवीत काही घालताना दिसली, तर माझ्यासारखं चहात बघत बसू नका. हळूच शेजारी जाऊन बसा. कानात विचारा, “का गं, भूक लागेल का मधी? चल, आपण मागून घेऊ.” आणि कुणी तिला चारचौघांत बोललंच, तर आधी उठून तिच्याजवळ उभ्या राहा. चूक काय ते नंतर खोलीत बोलता येतं. ती एकटी उभी राहिली, हे नंतर पुसता येत नाही.

पुढच्या प्रशिक्षणाला मावशी आल्या नाहीत. “माझं काय काम तिथं,” म्हणाल्या. मी दोनदा घरी गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सरळ म्हटलं, “मावशी, त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं. चुकले.” त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “इडलीचं मला काही नाही गं. मी तुझ्याकडं बघितलं होतं तेव्हा.”

ते मला माहीत होतं. मी बघितलंच नव्हतं असं इतके दिवस स्वतःला सांगत होते.

त्यानंतरच्या मासिक बैठकीत आम्ही इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला. बाहेरगावी जाताना प्रत्येकीचं औषधपाणी आणि जेवणाची वेळ आधी विचारायची. डबा लागला तर गटाच्या वतीनं अध्यक्ष मागेल. आणि कुणाला काही बोलायचं असेल तर ते खोलीत, दार लावून. मावशींनी त्यावर पहिला अंगठा उठवला.

आता परवा आम्ही पुन्हा निघालोय, प्रदर्शनाला. मावशी येणार आहेत. ही गोष्ट रेडिओवर सांगू का, असं त्यांना विचारूनच मी इथं बसलेय. म्हणाल्या, “सांग. पण माझं नाव घेऊ नको, आणि तुझं चुकलं तेही सांग.” दोन्ही केलं.

दशम्यांचं पीठ मावशीच मळणार आहेत. येते मी. नमस्कार.